झोपेची वही

अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरची
मागची पानं कोरी होती, तीच घेतली.
रकाने मला पाडता येतात.
वीस वर्षं लोकांची लेकरं काट्याला टांगतेय,
हिरवा पट्टा, पिवळा, लाल,
बोटानं दाखवतेय त्यांच्या आयांना.

डॉक्टरीणबाई म्हणल्या, रोज लिहा,
कधी झोपली, कधी उठली.
आजाराचं नाव विचारलं तर म्हणल्या, असू शकतं.
सोळाच वर्षांची आहे, नावाची घाई नको.
अंबाजोगाईहून धारूरपर्यंत
एसटीत मांडीवर मी तेवढंच घेऊन बसले,
असू शकतं.
आडसच्या थांब्यावर शर्वरी म्हणली, मला भजे नकोत.
मी विचारलंच नव्हतं.

घटस्थापनेपासून लिहायला पाहिजे होतं.
तेव्हा वही नव्हती.
रात्री दोनला स्टुलावर चढून
ती भिंत रंगवायली होती, निळी,
आणि बोलणं असं, की
एका वाक्याच्या शेपटीवर दुसऱ्याचा पाय.
मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं,
लेकराच्या अंगात केवढं बळ आलंय बघा.
चौथ्या दिवशी घाटातला माणूस टेम्पोतून
ऐंशी किलो सीताफळं दारात उतरवून गेला.
आइस्क्रीमचा कारखाना काढायचा होता तिला,
सोमवारपर्यंत.
पैसे आई देईल.
आईनं दिले. आठ दिवस गल्लीत
गोड वास, आणि माशा.

दिवाळीत तीच पोरगी भिंतीकडं तोंड करून.
निळ्या, अर्ध्या भिंतीकडं.
केसांत गुंता बसला. अकरा दिवस.
बाराव्या दिवशी हळूच म्हणली,
मी नसते तर तुमचे पैसे वाचले असते.
हे वाक्य मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.
तिला घेऊन पहाटेच्या गाडीत बसले.

भाऊ म्हणला, बाहेरचं आहे, एक अमावस्या बघू.
म्हणलं, दादा, तुम्ही अमावस्या बघा,
तोवर ती गोळी घेईल.
जाऊ म्हणली, मोबाइल काढून घ्या, सगळं जागेवर येतं.
तिचे वडील काहीच म्हणले नाहीत.
संध्याकाळी पेचकस घेऊन
न्हाणीघराची आतली कडी काढून ठेवली त्यांनी.
स्क्रूंची चार भोकं राहिली,
आंघोळ करताना मी त्यांच्याकडं बघत नाही.

एवढ्या दिवसांत कळलं ते थोडंच.
ऊठ म्हणायचं नाही. उशाला चहा ठेवायचा,
निवला तर दुसरा.
गोळी नऊला, तिच्या हातावर;
तोंड उघडून दाखव, असं म्हणायचं नाही.
वर्गातल्या मैत्रिणी आल्या तर
काय सांगायचं, ते तिला आधी विचारायचं.
रंगाचा डबा मी झाकण लावून ठेवलाय.
टाकलेला नाही.

परवा टीव्ही बघताना ती जोरात हसली.
खूप दिवसांनी, दात दिसतील असं.
माझा हात वहीकडं गेला.
तिनं बघितलं.
आई, मी हसले तरी आजारच का?

मी दूध बघून येते म्हणलं.
गॅसवर दूध नव्हतं.
ओट्याशी उभी राहिले, तिचं हसू कुठलं
आणि आजाराचं कुठलं, वजनकाटा नाही याला.
परत येऊन म्हणलं, मला ओळखू येत नाही, बाई.
भीती वाटते म्हणून लिहिते.
ती काहीच बोलली नाही. आवाज मात्र कमी केला टीव्हीचा.

आज सकाळी वही उघडली तर
शेवटी एक नवा रकाना,
पट्टी न लावता ओढलेला, वाकडा:
आईची झोप.
खाली तीन, आणि प्रश्नचिन्ह.
आणि तिच्या नावापुढं, तिच्याच अक्षरात,
साडेसहा, ते खोडून सहा.
मधी एकदा उठले होते, पाणी प्यायला.